आकडा दिल्लीचा, आदेश मुंबईचा

येळवशीच्या दिवशी तालुक्याच्या गावात साधा चहासुद्धा मिळत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या आली की लातूरकडच्या गावागावांतली दारं ओढून घेतली जातात आणि माणसं शेताची वाट धरतात. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसतात, आणि काळ्या मातीवर पंगती पडतात. शेंगदाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाचे मातीचे बिंदगे. शेजारी येतात, पाहुणे येतात, वाटसरूसुद्धा उपाशी जात नाही. अंधार पडायच्या बेताला कडब्याचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवायचा आणि मग घराकडे निघायचं. दोन हजार चव्वेचाळीस साल उजाडलं, बैलांच्या जागी यंत्रं आली, तरी येळवस काही हलली नाही.

त्या दिवशी अख्ख्या तालुक्याच्या गावात दोनच माणसं कामावर होती. एक महानंदा उंबरगे आणि दुसरा तिच्या कचेरीतला जुना शिपाई तातेराव.

कचेरीच्या दाराला दोन पाट्या होत्या. डावीकडे भारत सरकार, उजवीकडे महाराष्ट्र शासन. महानंदाच्या गळ्यात ओळखपत्रंही दोन. हुद्द्याचं नाव होतं ‘दुवा अधिकारी’. तातेराव म्हणायचा, “बाई, दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं आपलं ऑफिस. पंखा बिघडला तर हे म्हणत्यात त्येंचा, ते म्हणत्यात ह्येंचा.” पंखा तीन उन्हाळे बंदच होता.

काम मात्र गमतीचं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. रस्त्याकडेनं गावोगाव इंटरनेटची तार पुरलेली असते, काचेची, केसाएवढी बारीक. तिच्यात प्रकाशाचे ठोके सोडले की काचेतल्या नजरेला न दिसणाऱ्या खोडींवर आपटून थोडा प्रकाश माघारी येतो. जमीन ताणली की तार ताणली जाते, आणि माघारी येणारा ठोका किंचित बदलतो. विहिरीत खडा टाकून पाण्याचा अंदाज घ्यावा तसं हे जमिनीच्या पोटाचं ऐकणं. पूर्वी भूकंप झाल्यावर कळायचा. आता शेकडो कोसांच्या तारेतून दर क्षणाला कळू लागलं, की खालचा खडक कुठं सरकतोय, किती सरकतोय, थांबत थांबत की एकसारखा. मोठा हादरा यायच्या आधी हे सरकणं एका विशिष्ट चालीनं वाढतं. ती चाल ओळखून संगणक आकडा काढायचा: येत्या बारा तासांत घरं पाडणारा भूकंप होण्याची शक्यता शंभरात किती.

ते भाकीत नव्हतं, शक्यता होती. आणि शक्यता कुणाच्या हातात द्यायची, हाच तर घोळ होता.

भूकंपाचं मोजमाप केंद्राचं. पण माणसांना घराबाहेर काढायचं म्हणजे पोलीस आले, सुव्यवस्था आली, ते राज्याचं. मोबाइलवर संदेश धाडायचा तर दूरसंचार पुन्हा केंद्राचं; गावातला भोंगा राज्याचा. दोन वर्षं भांडून शेवटी करार झाला. आकडा चाळीसच्या वर गेला तर केंद्रानं स्वतः शिफारस करायची, मोबाइल वाजवायचे. चाळीसच्या आत असला तर केंद्रानं नुसता आकडा द्यायचा आणि निर्णय राज्यानं घ्यायचा. आकडा मात्र लोकांपासून कायम गुप्त, नाहीतर घबराट होईल. आदेश निघाला की दुवा अधिकाऱ्यानं भोंग्याची किल्ली फिरवायची. तातेरावानं त्या जाड कराराचं एका ओळीत पीठ केलं होतं: “आकडा दिल्लीचा, आदेश मुंबईचा, आन् शिव्या आपल्या.”

शिव्या खऱ्याच होत्या. गेल्या वर्षात चार वेळा भोंगा वाजला, चार वेळा एकोणीस गावं रात्ररात्र बाहेर बसली, आणि चारही वेळा जमीन गप्प राहिली. चौथ्या वेळी हरणसांगवीत महानंदाच्या थोरल्या बहिणीकडे, प्रयागअक्काकडे, नातीची हळद होती. ओल्या हळदीची पोरगी भोंग्यापायी बाहेर पळाली. अपशकुन झाला म्हणून नवऱ्याकडची मंडळी रुसून निघून गेली. लग्न पुढं लागलं कसंबसं, पण अक्कानं तीन महिने धाकटीशी बोलणं टाकलं होतं. ती अक्का, जिनं त्र्याण्णवच्या भूकंपात दहा वर्षांची असताना दोन वर्षांच्या महानंदाला मातीतून ओढून काढलं होतं. आई निघाली नाही. तेव्हापासून अक्काच आई.

सकाळी दहाला आकडा बावीस होता. एकला तेहेतीस झाला. तीनला सदतीस.

महानंदानं पडद्यावर दोन्हीकडच्यांना बोलावलं. दिल्लीहून डॉ. नंबियार, मुंबईहून उपसचिव देवस्थळी. दोघांचे चेहरे जागरणाचे.

“सदतीस आहे,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या आत काहीतरी ठरवा.”

“शिफारस आहे का दिल्लीची?” देवस्थळींनी विचारलं.

“चाळीसच्या आत शिफारस नसते,” नंबियार हिंदीत म्हणाले. “आम्ही आकडा दिला. पुढचं राज्याचं.”

“म्हणजे सदतीसवर बाहेर काढलं आणि काही झालं नाही, तर राज्य मूर्ख. नाही काढलं आणि झालं, तर राज्य खुनी. तुम्ही मात्र कायम शास्त्रज्ञ.”

“आणि मी सदतीसवर शिफारस दिली तर तुमचंच सरकार न्यायालयात जाईल की केंद्रानं आमच्या अधिकारात हात घातला. मागच्या वर्षी गेलंच होतं की!”

“साहेब,” महानंदा म्हणाली, “इथं माळवदाची घरं आहेत. दोन दोन हात मातीचं छप्पर. तुमची वाटणी होईस्तोवर...”

“मंत्र्यांसमोर फाइल ठेवतो,” देवस्थळी थकल्या आवाजात म्हणाले. “मी नाही म्हणत नाहीये, बाई. पाचव्यांदा तोंड कसं दाखवायचं, एवढंच बघतोय.”

पडदा काळा झाला. महानंदानं चष्मा काढून डोळे चोळले. तिला कुणाचाच राग येईना. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

साडेचारला फोन वाजला. अक्का! तीन महिन्यांनी.

“अगं ए कलेक्टरीणबाई, येळवशीला तरी येतीस का न्हाई? तुझा वाटा झाकून ठिवलाय. आंबील आंबून चाललंय बघ.”

 मागं बायकांचा गलका ऐकू येत होता. “येते की अक्का, कामातून सुटले की. कोण कोण आहे शेतात?”

“सारं गाव हाय. पावनेरावळे जेवून गेले. आमी आता हेंडग्याची वाट बघूलालाव.”

महानंदाच्या मनात एकदम काहीतरी चमकलं. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “अक्का, समज आत्ता गावात भोंगा वाजला, तर काय कराल गं तुम्ही?”

“पुन्ना भोंगा? तोंडाला आग लागो तुझ्या भोंग्याच्या! काय करणार, घराकडं पळणार की.”

“घराकडं?”

“मग? आमचं म्हातारं खाटंवर हाय. रेडकं दावणीला हायती, मायची पेटी हाय. त्ये सारं काडाय नगं? अख्खं गाव घराकडंच पळंल. येडीच हायस बघ.”

महानंदा फोन धरून तशीच बसली. भोंगा देवळाच्या शिखरावर, गावठाणात. त्याचा सांगावा एवढाच की घर सोडा. पण ज्यांनी घर सोडलेलंच आहे, त्यांना तो घरात बोलावणार. वर्षातल्या तीनशे चौसष्ट दिवशी वाचवणारा भोंगा आजच्या दिवशी माणसं वेचून छपराखाली नेऊन ठेवणार. हे दिल्लीला ठाऊक नव्हतं, मुंबईला ठाऊक नव्हतं. कराराच्या दोनशे पानांत येळवस नव्हती.

आणि पाचला पाच कमी असताना आदेश आला.

पडद्यावर राजमुद्रेचा कागद उमटला. एकोणीस गावं तत्काळ रिकामी करावीत, भोंगा वाजवावा. मागोमाग देवस्थळी स्वतः. “झाली सही, बाई. शिफारस नसताना झाली. लावा भोंगा.”

“साहेब, आज येळवस आहे. लोक शेतात आहेत.”

“मग उत्तमच की, घरं रिकामीच आहेत.”

“भोंगा ऐकून ते घरांकडे पळतील, साहेब. म्हातारी माणसं, जनावरं काढायला. दिवेलागणीला अख्खं गाव घरात सापडेल. भोंगा नको. शेतातच थांबा, एवढा निरोप मोबाइलवर जाऊ दे.”

“मोबाइल केंद्राचा. आणि केंद्र शिफारस देत नाही.” देवस्थळींनी समोरचा कागद जवळ ओढला. “बाई, तीन वाजल्यापासून तुम्हीच आदेश मागत होतात.”

“होय साहेब.”

“मग किल्ली फिरवा. आदेश पाळला नाही तर पुढचं सगळं तुमच्या एकटीवर येईल. मी लिहून ठेवीन तसं, मला लिहावंच लागेल.”

“लिहा साहेब,” ती म्हणाली.

भोंग्याची किल्ली ठेवलेल्या, भिंतीवरच्या काचेच्या डब्याशी तातेराव उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. “बाई, पाच वर्षं राह्यलीत नोकरीची.”

“तातेराव, तुमचं गाव कुठलं?”

“लोहटा.”

“घरी फोन लावा. घरचे जिथं असतील तिथंच थांबू देत म्हणावं.”

 तातेराव खिशातून फोन काढत बाहेर गेला.

महानंदानं अक्काला फोन केला.  “अक्का, ऐक. आज कुणी घरी जायचं नाही. रात्र शेतातच काढायची. दाजींना आत्ता, दिवस आहे तोवर पाठव. तुझ्या सासऱ्यांना खाटेसकट उचलून आणा, दावी कापून जनावरं सोडा. दोघातिघांनी जायचं आणि लगेच परतायचं. बाकी कुणी गावाकडं फिरकायचं नाही.”

 अक्काचा आवाज कोरडा झाला. “आकडा किती हाय?”

“ते सांगता येत नाही, अक्का.”

“न्हाईच सांगता येत. माझ्या नातीची हळद मोडली तवाबी न्हाई सांगता आलं. ह्ये कोन म्हनूलालंय, सरकार?”

“सरकार भोंगा लाव म्हणतंय. मी लावत नाही. हे मी म्हणते.”

“तू.”

“मी.”

 “थंडी किती हाय ठावं हाय का? लेकरंबाळं हायती. पाचव्यांदा मला गाव हासंल.”

“हसू दे. अक्का, तू मला एकदा काढलंयस. आज मी सांगते तेवढं ऐक. आणि नुसतं तू नाही. तुझ्या जावा, नणंदा, लेकी, सुना, साऱ्यांना सांग, आपापल्या माहेरी फोन लावा. माहेरचीनं पुढं तिच्या माहेरी. एकोणीस गावांत पोचलं पाहिजे.”

“भोंग्यापरीस बायका बऱ्या, असंच ना?” अक्का म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मग तो निरोप निघाला. कुठल्याही सूचीत नसलेल्या वाटेनं निघाला. हरणसांगवीची सून लोहट्याची लेक, लोहट्याची सून माळकोंडजीची लेक. बाप ऐकेना तर आई, आई ऐकेना तर भावजय. कुणी रडून सांगितलं, कुणी शपथ घालून. हेंडगे पेटले, पिकाभोवती फिरले, आणि विझू न देता बांधाबांधावर रोवले गेले. अक्कानं पुन्हा फोन लावून तो चालूच ठेवला होता. दुरून तिचा दाट आवाज येत होता. कोपीपाशी बसलेल्या बायकांना धीर यावा म्हणून ती तिथल्या तिथं ओवी जुळवून गात होती:

माझ्या गं भइनीचा सांगावा आला शेती,
आज निजाया काळी माती, दिवा लावू बांधावरती.

सात पंचवीसला जमीन हलली.

आधी तळघरातून गाडी जावी तसा आवाज. मग कचेरीच्या भिंती, खिडक्या, कपाटं, सगळं एका लयीत थरथरलं. बंद पंखा गरगर फिरला. महानंदा टेबलाखाली, तातेराव चौकटीत. अकरा सेकंद. थांबल्यावर धुळीत दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तातेराव म्हणाला, “पंखा फिरला, बाई.” आणि मटकन खाली बसून हुंदके देऊ लागला.

रात्रीतून बातम्या येत राहिल्या. लोहटा: चाळीस घरं पडली, माणसं शेतात, सगळी बरी. माळकोंडजी: देऊळ भेगाळलं, माणसं बरी. एकेका गावातली सगळी माणसं बरी असल्याचं कळलं की महानंदा त्याच्या नावापुढं टिंब करायची. अक्काचा फोन आला तेव्हा ती नुसती रडत होती. “माळवद पार बसलंय गं खाली. आमी चौदा मानसं झोपलो असतो त्येच्याखाली.” पहाटेपर्यंत अठरा गावांपुढं टिंब पडलं.

सकाळी सहाला एकोणिसावं टिंब राहून गेलं. हरणसांगवीचंच. माणसं गेली, दोन.

“कुठं?” तिनं विचारलं. “शेतात तर सगळे होते.”

“गायरानावरच्या वस्तीत,” पलीकडून पोलीस पाटील म्हणाले. “ते घरीच होते, मॅडम.”

तिनं जीप काढली. वाटेत तिला सगळं उमगत गेलं, उशिरा, एकेक. येळवशीला सारं गाव शेतात असतं, असं ती लहानपणापासून म्हणत आली होती. सारं गाव म्हणजे ज्यांना शेत आहे ते. ज्यांना नाही ते पाहुणे म्हणून बोलावले जातात, पंगतीत बसतात, आंबील पितात, आणि ऊन कलायच्या आत आपापल्या घरी जातात. हेंडगा फिरवायला पीक लागतं. पाहुणेरावळे जेवून गेले, असं अक्का फोनवर बोललीच होती. महानंदानं ऐकलंही होतं. अक्काच्या जावानणंदांनी माहेरी फोन केले, पण वस्तीत या घरांतली ना कुणी लेक दिलेली, ना तिथली सून आणलेली. दिल्लीला येळवस ठाऊक नव्हती. तिला ठाऊक होती, आणि तरीही अर्धीच.

वस्ती तीसेक घरांची. दगडमातीचीच. पक्क्या घरांचा पैसा केंद्राचा, जमीन राज्याची, म्हणून मंजुरी सात वर्षं दोन्हींच्या मधे लोंबकळत होती. अंगणात दोन देह पांढऱ्या कापडाखाली होते. एक म्हातारा आणि त्याची सून. शेजारी म्हाताऱ्याची बायको गिरजाबाई बसली होती, केसांत माती, हात मांडीवर पालथे. अक्काच्या रानात खुरपायला जाणारी बाई. काल दुपारी पंगतीत होती.

महानंदा तिच्यासमोर मातीत बसली. 

“बाई,” गिरजाबाई म्हणाली, “भोंगा वाजला न्हाई.”

“नाही वाजला.”

“मागं चारी येळेला वाजला. गावातली मानसं हासायची, कुनी निघायचं, कुनी न्हाई. आमी चारी येळेला निघालाव. काल वाजला न्हाई, म्हनून म्हाताऱ्याला म्हनलं, पड जरा. थंडी हाय, आतच पड.”

महानंदाला वाटलं, आपण सांगावं, समजावून सांगावं. भोंगा वाजला असता तर तिकडं शेकडो घरात पळाले असते, सगळा हिशेब मांडावा. तो खराही होता. पण या अंगणात मांडण्यासारखा नव्हता.

“भोंगा मी लावला नाही,” ती म्हणाली. “माझ्या हातात होता. शेतातली माणसं माझ्या ध्यानात आली. तुम्ही नाही आलात.”

गिरजाबाईनं तिच्याकडं पाहिलं. ती शिवी देईल असं वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं. ती फक्त ऐकत राहिली, हे असंच असतं हे आधीपासून ठाऊक असल्यासारखी.

खिशात फोन थरथरत होता. दिल्ली आणि मुंबई, एकाच वेळी. नंबियारांचा संदेश होता: गुप्त माहितीच्या आधारे कुणाला सूचना दिली, खुलासा करा. देवस्थळींचा: आदेशाचं पालन का झालं नाही, खुलासा करा. शेवटच्या ओळीत तिच्या निलंबनाचा हुकूम, दोन्हींत शब्दाला शब्द सारखा. त्याच्याखाली, सवयीनं, यंत्रानं धाडलेला सहा वाजताचा आकडा. मागून येणाऱ्या हादऱ्यांचा.

“तुमी कुटल्या सरकारच्या म्हनायच्या?” गिरजाबाईनं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. “म्हंजी कुनाला इचारावं, ते तरी कळंल. आता आज कुटं बसायचं आमी? ह्या दोघांचं उरकल्यावर. घरात का भाईर?”

महानंदानं फोनकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं कितीतरी आकडे वाचले होते, आणि ज्यांच्या डोक्यावरचे ते होते त्यांतल्या एकालाही कधी सांगितला नव्हता. अक्कालासुद्धा नाही.

“अठ्ठावीस,” ती म्हणाली.

“काय अट्टावीस?”

“समजा, आजच्यासारखे शंभर दिवस आले. त्यातल्या अठ्ठावीस दिवशी संध्याकाळपर्यंत पुन्हा असाच हादरा बसेल. बहात्तर दिवशी काही होणार नाही. आजचा दिवस कशातला, ते दिल्लीला माहीत नाही, मुंबईला माहीत नाही, मलाही नाही. एवढंच आहे आमच्याकडं.”

गिरजाबाईनं वस्तीकडं पाहिलं. उभ्या राहिलेल्या भिंती, उंबऱ्यांवर बसलेली माणसं, आतून भांडी काढू की नको अशी घुटमळणारी एक बाई. मग ती हळूहळू उठली, त्या बाईला हाक मारून म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं भांडी. आत जाऊ नगंस. संध्याकाळवर समदी भाईरच बसूत.”

पुन्हा येऊन ती कापडाजवळ बसली. कापडाची वाऱ्यानं उडालेली कड तिनं म्हाताऱ्याच्या पायाखाली सारली.

“येवडंच सांगायचं असतंय व्हय,” ती म्हणाली. “मग काल का न्हाई सांगितलं?”